घोट आणि घास : प्रस्तावना

माशाबरोबर पांढरी वाइन आणि मटणाबरोबर लाल. वाइनविषयी फारसं काही ठाऊक नसलेल्या माणसालाही हा एक नियम ठाऊक असतो. नियम अगदीच खोटा नाही. पण तो ज्या जेवणातून आला, त्या जेवणात मासा म्हणजे लोण्यात परतलेला किंवा वाफवलेला, मिठापलीकडे फारसं काही न लागलेला तुकडा आणि मांस म्हणजे विस्तवावर भाजलेला रसरशीत तुकडा. आपल्याकडे सुरमईला आलं-लसूण, हळद, लाल तिखट आणि आगळ लागतं, वर रव्याचं कवच चढतं. बांगड्याच्या आमटीत तिरफळं पडतात. मटण तांबड्या रश्श्यात, पांढऱ्या रश्श्यात किंवा खानदेशी काळ्या मसाल्यात शिजतं. अशा ताटापुढे मासा की मांस हा प्रश्न दुय्यम ठरतो. ताटात आंबट किती, तिखट किती, चरबी किती, मीठ किती, आणि ग्लासातल्या वाइनमध्ये त्याला तोंड द्यायला काय आहे, हे आधी पाहावं लागतं.

हे पुस्तक तेच पाहायला शिकवण्यासाठी लिहिलं आहे. वाइन चाखायची कशी, आणि समुद्रातल्या जेवणाशी व पोटभरीच्या जेवणाशी तिची सांगड घालायची कशी, या दोन गोष्टी मराठी वाचकाला त्याच्या स्वतःच्या जिभेच्या आधारावर सांगता येतील असा माझा विश्वास आहे. त्यासाठी आधी हे सगळं क्षेत्र कुठून कसं वाढलं ते पाहू.

वाइन आणि अन्नाच्या सर्वांत जुन्या जोड्या कुणी ठरवून लावलेल्या नाहीत. रेल्वे येण्याआधी जड पिंपं जमिनीवरून दूरवर नेणं परवडत नसे, त्यामुळे ज्या मुलखात जे पिकलं ते बहुतेक करून तिथेच प्यायलं गेलं. फ्रान्समध्ये लोआर नदी अटलांटिकला मिळते त्या भागात मस्कादे नावाची वाइन होते. ती हलकी, आंबट, जवळजवळ खारट वाटणारी असते. आंबवण संपल्यावर ती काही महिने यीस्टच्या गाळावरच राहू देतात, त्यामुळे तिला थोडा भरीवपणा येतो. त्याच किनाऱ्यावर कालवं निघतात आणि ती दोन्ही एकाच मेजावर येतात. स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसियात पाऊस आणि दमट हवा इतकी, की आल्बारिन्योच्या वेली ग्रॅनाइटच्या खांबांवरच्या मांडवांवर चढवतात, म्हणजे खालून वारा खेळतो. आपल्या द्राक्षबागायतदारांना मांडव नवा नाही. तिथे ही वाइन शिंपले आणि ऑक्टोपसबरोबर घेतात. दक्षिण स्पेनमध्ये सानलुकार दे बारामेदा या बंदरात मान्सानिया पिंपात मुरते. पिंपातल्या वाइनवर यीस्टचा जिवंत थर धरतो, समुद्राची ओलसर हवा तो टिकवून ठेवते. बदामासारखा वास आणि कोरडी, खारी चव असलेल्या या वाइनइतकी कोळंबीला शोभणारी दुसरी वाइन मला माहीत नाही.

शाब्लीची गोष्ट वेगळी. हा प्रदेश समुद्रापासून दूर, बूर्गोन्यच्या उत्तर टोकाला आहे. तिथल्या चुनखडीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या कालवांचे जीवाश्म सापडतात आणि म्हणून शाब्ली कालवांबरोबर जुळते, असं मोठ्या हौसेनं सांगितलं जातं. कल्पना सुंदर आहे, पण वेलीची मुळं दगडाची चव उचलून द्राक्षात नेत नाहीत. शाब्ली जुळते ती तिच्या थंडीमुळे. थंड हवेत पिकलेल्या शार्डोनेत आम्ल टिकून राहतं, आणि कालवाच्या खारट मऊपणाला तेच हवं असतं.

पोटभरीच्या जेवणाचंही असंच. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बदक, डुकराचे सॉसेज आणि पांढऱ्या घेवड्याच्या बिया तासन्‌तास शिजवून कासूले करतात. तिथली मादिराँ ही वाइन ताना या द्राक्षाची, इतकी तुरट की नुसती पिणं जड जावं. त्या चरबीपुढे मात्र तिचा कडकपणा विरघळतो. इटलीच्या प्येमाँतमध्ये नेब्बियोलोची बारोलो आणि तिच्यातच मुरवून मंद आचेवर शिजवलेलं गोमांस, तस्कनीत कियांती आणि निखाऱ्यावरचा जाड तुकडा, अर्जेंटिनात माल्बेक आणि आसादो, म्हणजे विस्तवावर भाजलेलं मांस. या जोड्या पुस्तकात सविस्तर येतात, म्हणून इथे थांबतो.

नियमाला अपवादही तितकेच जुने आहेत. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यू भागात विन्यू व्हेर्दचा लाल प्रकार पितात. आंबट, फेसाळ आणि गडद असलेली ही वाइन भाजलेल्या तारल्यांबरोबर आनंदानं घेतली जाते. बोर्दोमध्ये लाम्प्रे नावाचा ईलसारखा मासा लाल वाइनमध्येच शिजवतात. नियम सांगणाऱ्यांना हे अपवाद अडचणीचे वाटतात. मला ते फार उपयोगाचे वाटतात, कारण नियमाच्या मुळाशी काय आहे ते अपवादातूनच कळतं.

आता चाखण्याकडे वळतो. फार काळ ही विद्या व्यापाऱ्यांची होती. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, ती दलालांनी मुख्यतः बाजारभावावरून लावली. विसाव्या शतकात चाखणं प्रयोगशाळेत आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात मेनार्ड अमेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 गुणांची मोजपट्टी केली. तिच्यात रंग, गढूळपणा, वास, आम्ल, तुरटपणा अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेले गुण होते. दोष शोधणं हा तिचा मुख्य हेतू. बोर्दोत एमिल पेनो यांनी दुसरी वाट धरली. चवीचा तोल म्हणजे काय, आम्ल, अल्कोहोल आणि तुरटपणा एकमेकांना कसे सावरतात, हे त्यांनी 1980च्या आपल्या ग्रंथात समजावलं. त्याच दशकात डेव्हिसच्याच अ‍ॅन नोबल यांनी वासांचं चक्र तयार केलं, म्हणजे वासाबद्दल बोलताना लोकांना निदान एकच शब्द वापरता यावेत. 1969 मध्ये लंडनला वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट सुरू झाला. त्याची टप्प्याटप्प्यानं चाखण्याची शिस्त आज जगभर शिकवली जाते. आणि 1978 पासून रॉबर्ट पार्कर यांनी 100 पैकी गुण देण्याची पद्धत इतकी लोकप्रिय केली, की अनेक वाइनरींनी आपली वाइन त्यांच्या आवडीकडे, गडद आणि दणकट शैलीकडे झुकवली. गुणांनी ग्राहकाला धीर दिला हे खरं. पण गुण देताना शेजारी जेवण नसतं, आणि या पुस्तकाच्या दृष्टीनं ती मोठीच उणीव आहे. चाळीस वाइनच्या रांगेत जी उठून दिसते, ती ताटाशेजारी अनेकदा दांडगाई करते.

चाखणाऱ्याची खात्रीही तपासून पाहण्यासारखी असते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन आणि तीच वाइन वासहीन लाल रंग घालून दिली. रंगवलेल्या पांढऱ्या वाइनचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. यावरून चाखणं म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. डोळा नाकाच्या आधी निकाल देतो, एवढंच यातून सिद्ध होतं. म्हणूनच नवख्या माणसानं बाटलीवर कागद गुंडाळून चाखायची सवय लावावी, असं मी आग्रहानं सांगतो.

जोड्या लावण्याच्या विचारातही तट आहेत. एक तट प्रदेशाचा : एकत्र पिकतं ते एकत्र खावं-प्यावं. दुसरा रचनेचा : आम्ल, गोडी, तुरटपणा, अल्कोहोल यांचा हिशेब करावा, रंगाची पर्वा करू नये. 1989 साली अमेरिकेत डेव्हिड रोझेनगार्टन आणि जोशुआ वेसन यांनी माशाबरोबर लाल वाइन हेच नाव देऊन पुस्तक काढलं, ते या तटाचं. तिसरा तट वासाच्या रेणूंचा. क्वेबेकचे सोमेलिए (वाइन सुचवणारे जाणकार) फ्रान्स्वा शार्तिए यांनी 2009 मध्ये मांडलं, की ज्या दोन पदार्थांत सुगंधाचे रेणू समान, ते जुळतात. चौथा तट सगळे नियमच नाकारतो आणि माणसागणिक जीभ वेगळी, ज्याला जे आवडतं ते त्यानं प्यावं, असं म्हणतो.

माझं मत स्पष्ट आहे. प्रदेशाचा नियम आपल्याला फारसा पुरत नाही, कारण नाशिकची वाइन आणि मालवणचं कालवण शतकानुशतकं एकत्र वाढलेली नाहीत. रेणूंचा सिद्धांत मोहक आहे. शिराझमधल्या मिरीच्या वासाला कारण असलेलं रोटंडोन 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात ओळखलं गेलं आणि तेच काळ्या मिरीतही असतं, हे वाचून कुणालाही मिरी घातलेलं सुकं मटण आठवेल. पण वास जुळला म्हणून तोंडातली आग शमत नाही. ‘आवडेल ते प्या’ हे म्हणणं उदार आहे, पण शिकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. हे पुस्तक रचनेच्या तटाचं आहे, आणि त्यामागचं शास्त्र आता चांगलं पक्कं झालं आहे.

लाल वाइनमधलं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि जीभ जांभूळ खाल्ल्यावर व्हावी तशी कोरडी होते. नवखे लोक याला कडू म्हणतात. ते तुरट आहे, आणि तुरट-कडू यांतला फरक आवळा आणि कारलं दोन्ही खाणाऱ्या माणसाला शिकवावा लागत नाही. मांसातली प्रथिनं आणि चरबी हा तुरटपणा मऊ करतात. मीठही करतं. मग माशाबरोबर लाल वाइन का बिघडते? 2009 साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की वाइनमधलं लोह समुद्री अन्नातल्या मेदाशी मिळून तोंडात मासळीचा उग्र, धातूसारखा वास तयार करतं. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असतं, म्हणून दोष लाल रंगावर आला. ज्या लाल वाइनमध्ये लोह कमी होतं, तिच्याबरोबर हा वास आला नाही. मिन्यूच्या तारल्यांचं कोडं यानं पूर्ण सुटतं असं मी म्हणणार नाही, पण रंग हा गुन्हेगार नाही एवढं नक्की.

तिखटाचं गणित आणखी महत्त्वाचं. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या ज्या ग्राहीला चेतवतं, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये शोधला. 2021 चं नोबेल त्यांना त्या शोधासाठी मिळालं. अल्कोहोल त्याच ग्राहीला अधिक हळवं करतं. म्हणजे सावजी मटणाबरोबर 14.5 टक्के अल्कोहोलची दणकट, तुरट लाल वाइन घेतली, तर आगीत तेल पडतं. ‘मसालेदार जेवणाला मसालेदार वाइन’ हा सल्ला अनेक मेनूंवर छापलेला असतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. तिखटाला हवी ती थंड, कमी अल्कोहोलची, फळांचा वास आणि जराशी गोडी असलेली वाइन. नाशिकच्या बऱ्याच शेनिन ब्लाँमध्ये तेवढा गोडवा राखलेला असतो आणि तांबड्या रश्श्याशेजारी ती शोभते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, खसखस, काजू आणि मटणाचा अर्क असतो, तिखट त्या मानानं सौम्य. तिथे हलक्या तुरटपणाची, थोडी गार केलेली लाल वाइन चालते.

आंबटाचा नियम पक्का लक्षात ठेवावा : जेवण जेवढं आंबट, वाइन निदान तेवढी आंबट हवी, नाही तर ती पाणचट लागते. कोकम, चिंच, कैरी घातलेल्या कालवणापुढे म्हणूनच कडक आम्लाची सोव्हिन्यों ब्लाँ टिकते. तिच्यातला पेरूचा वास हा कल्पनेचा खेळ नाही, पेरूत असलेले गंधकयुक्त रेणू तिच्यातही असतात. तळलेल्या बोंबलाला, कोळंबीच्या भज्यांना स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडे आणि आम्ल छान; तोंडातला तेलकटपणा धुतला जातो. तिसऱ्यांचं एकशिपी हा ओल्या नारळाचा गोडसर पदार्थ, त्याला फार कोरडी वाइन कडक वाटेल. सोडे, सुकट, सुके बोंबील यांत उमामी, म्हणजे मांसरसासारखी भरीव चव, भरपूर असते. ही चव किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये टोकियोत ओळखली. उमामी टॅनिनला आणखी रखरखीत करते, त्यामुळे सोड्याच्या खिचडीबरोबर लाल वाइन घेणं टाळावं. गोव्याच्या रेशाद मसाल्यात व्हिनेगर असतं. तिथे पोर्तुगालची पांढरी विन्यू व्हेर्द मिळाली तर जरूर घ्यावी.

वाइन आपल्या मुलखाला तशी अगदी नवी नाही. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीची वाइन आहे, आणि त्याच बंदराशी पैठण व तेर यांचा व्यापार चाले. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली. पण ते आयातीचं पेय होतं. महाराष्ट्रातल्या आजच्या वाइनची सुरुवात 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रानं स्पार्कलिंग वाइन काढली तिथून धरावी. राजीव सामंत यांच्या सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन 2000 साली नाशिकहून बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. अकलूजला इटालियन भागीदारीतून सांजोव्हेजे ही द्राक्षं लागली, दिंडोरीत शांदों ही फ्रेंच कंपनी आली. आज देशातली बहुतेक वाइन महाराष्ट्र आणि कर्नाटकात होते, आणि त्यात महाराष्ट्र पुढे आहे.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्यात फळते. आपल्याकडे ती झोपतच नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. द्राक्ष थंडीत वाढतं आणि ऊन तापू लागताना पिकतं. त्या शेवटच्या आठवड्यांत साखर झपाट्यानं चढते, आम्ल उतरतं, म्हणून तोडणीचा दिवस चुकला की वाइन सपाट होते. त्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट. बाटलीवर ज्याचं नाव नसतं त्या बागायतदाराची ही जोखीम वाचकाला कळावी, यासाठी पुस्तकात तिला जागा दिली आहे.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तरही इथेच आहे. वाइन इथे होते, नाशिकला लोक ती बघायला आणि चाखायला जातात, परदेशात राहणारी मराठी कुटुंबं रविवारी मटण करून वाइन उघडतात. पण आपल्या ताटाचा विचार करून मराठीत लिहिलेलं मार्गदर्शन हाताशी नाही. उपाहारगृहातली वाइनची यादी बहुधा युरोपी जेवण डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. अगदी ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ ही सूचनाही थंड देशातल्या खोलीची आहे. मे महिन्यात सोलापूरच्या खोलीतली लाल वाइन फक्त अल्कोहोलचा भपका देईल. पंधरा-अठरा अंशांना ती प्यावी, म्हणजे आधी फ्रीजमध्ये गार करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट गांभीर्यानं सांगितली पाहिजे. दारूनं या राज्यातली असंख्य घरं मोडली आहेत. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या रेट्यामुळे. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारनं घेतला तेव्हा जो विरोध झाला, त्यामागे तो अनुभव होता. मी त्या विरोधाचा आदर करतो. वाइन औषध आहे, हृदयाला चांगली आहे, असा प्रचार या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही; वाइन त्याला अपवाद नाही. जो पीत नाही त्यानं सुरू करावं असं एकही कारण माझ्याकडे नाही. जो पितो, त्यानं कमी प्यावं, जेवणाबरोबर प्यावं, लक्ष देऊन प्यावं, आणि गाडी चालवायची असेल तर अजिबात पिऊ नये. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकून टाकतात. घरीही ते करायला लाजू नये.

पुस्तकाचा पहिला भाग पाहणं, हुंगणं, चाखणं यांचा आहे, दुसरा समुद्राचा, तिसरा मटण-कोंबडी, पिठलं-भाकरी आणि भरल्या वांग्याच्या पोटभरीच्या जेवणाचा. शाकाहारी वाचकाला तिसऱ्या भागात बरंच काही मिळेल, कारण शेवभाजीचा काळा मसाला आणि वांग्याच्या भरताचा धुरकट वास वाइनला मांसाइतकंच आव्हान देतात. किमती आणि वर्षनिहाय शिफारशी मुद्दाम टाळल्या आहेत, त्या लवकर शिळ्या होतात. प्रत्येक जोडीमागचं कारण दिलं आहे, म्हणजे बाटली बदलली, प्रदेश बदलला, तरी वाचकाला स्वतः विचार करता येईल. माझ्या काही निवडी तुम्हाला पटणार नाहीत. तिथे समासात आपलं मत लिहा.

आणि सुरुवात करायला फार सामान लागत नाही. कोरड्या सोव्हिन्यों ब्लाँची एक बाटली दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, घरी बोंबील तळा. एक घास लिंबाशिवाय खाऊन घोट घ्या, दुसरा घास लिंबू पिळून खा आणि पुन्हा घोट घ्या. दुसऱ्या घोटाला वाइन कमी आंबट आणि अधिक फळांची लागेल. का, ते पहिल्या प्रकरणात आहे.